लास व्हेगासची पंगत

लास व्हेगास हें नांव लेखाच्या माथ्यावर पाहून कित्येक वाचक, विशेषतः वडीलधारी मंडळी, भुंवया वर चढवितील हें आम्ही जाणून आहों. द्यूत, मद्य आणि रात्रीचा दिवस करणारा झगमगाट यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या या नगरींत बऱ्या घरच्या माणसांनीं, आणि तेंही लेंकराबाळांसह, कां जावें? उत्तर सोपें आहे. आम्ही तेथें द्यूत खेळावयास गेलों नव्हतों. कोलोरॅडो नदीनें कोरलेलें तें विख्यात खोरें, ग्रँड कॅनियन, पाहावयास आम्ही निघालों होतों. आणि लॉस अँजेलिसच्या बाजूनें जाणाऱ्यास वाटेंतील मुक्कामाला हेंच शहर सोयीचें पडतें. मुक्काम म्हटला कीं जेवण आलें, आणि व्हेगासांत जेवण म्हटलें कीं बुफे आला. त्या बुफेपायीं आमच्या घरांत दोन दिवस जें घडलें तें येथें सांगावयाचें आहे. अमेरिकेंतील मुलांकडे जाणाऱ्या आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांवर हा प्रसंग केव्हांतरी येणार, म्हणून थोडें सविस्तर लिहितों.

आम्ही एकंदर सातजण होतों : आम्ही उभयतां, पुतण्या, सूनबाई, त्यांचीं दोन मुलें आणि आमच्या वडील वहिनी. कॅनियन पाहण्याची हौस खरी म्हणजे दादांची. पुतण्यानें दोन वेळां सारी व्यवस्था केली आणि दोन्ही वेळां 'पुढच्या वर्षीं पाहूं' म्हणून दादांनीं ती मोडली. पुढचें वर्ष त्यांस लाभलें नाहीं. त्यांचें वर्षश्राद्ध आटोपल्यावर पुतण्यानें आईस हट्टानें अमेरिकेस नेलें, आणि सोबतीस आम्हां दोघांस. वहिनींचें वय शाहात्तर. मांसमच्छी तर नाहींच, अंडेंही जन्मांत तोंडीं लागलेलें नाहीं. आणि समुद्र ओलांडला म्हणून नेम सैल करावा असें त्यांस वाटत नाहीं. निघण्याच्या आदल्या दिवशीं त्यांनीं सूनबाईंच्या स्वयंपाकघरांत दुधांत भिजविलेल्या पंचवीस दशम्या भाजून डबा भरला. "एवढ्या कशाला, आई?" असें मुलानें विचारलें, तेव्हां "असूं द्याव्या" एवढेंच म्हणाल्या.

लॉस अँजेलिसपासून व्हेगास सुमारें २७० मैल. बार्स्टो या गांवीं चहापाण्यास थांबून पुढें मोजावे वाळवंट ओलांडावें लागतें. चैत्राचा आरंभ असल्यानें हवा सुखाची होती. ज्येष्ठ-आषाढांत हाच रस्ता भट्टीसारखा तापतो. दोन्ही बाजूंस खुरटीं झुडपें आणि करडे डोंगर, दुसरें कांहीं नाहीं. अशा निर्जन प्रदेशांतून चार-पांच तास गेल्यावर तिन्हीसांजेस समोर एकाएकीं दिव्यांचें रान पेटलेलें दिसतें. मिसरचा पिरॅमिड, पॅरिसचा मनोरा, व्हेनिसचे कालवे, सारें खोटें. पण इतक्या खऱ्या खर्चानें उभारलेलें कीं हसावें कीं आश्चर्य करावें तें कळेना. आमच्या धाकट्या नातवानें "आजोबा, यांतलें खरें कोणतें?" असा प्रश्न केला. त्यास गाडींतील कोणासही उत्तर देतां आलें नाहीं.

या शहराची कुळकथा फार जुनी नाहीं. १९०५ सालीं आगगाडीच्या कंपनीनें वाळवंटांत भूखंडांचा लिलाव पुकारला आणि गांव वसलें. १९३१ सालीं दोन गोष्टी घडल्या : नेवाडा संस्थानानें द्यूतास कायद्यानें मोकळीक दिली, आणि जवळच कोलोरॅडो नदीवर हूवर धरणाचें काम सुरू होऊन हजारों मजूर खिशांत पगार घेऊन वावरूं लागले. पुढें १९४१ च्या एप्रिलांत गांवाबाहेर, लॉस अँजेलिसच्या रस्त्यावर, 'एल रांचो व्हेगास' नांवाचें विश्रामगृह उघडलें. आज ज्यास 'स्ट्रिप' म्हणतात त्या रस्त्यावरील जुगारघरासह असलेलें हें पहिलें विश्रामगृह. आणि व्हेगासच्या बुफेचा जन्मही येथलाच. सांगतात तें असें कीं, तेथील एका व्यवस्थापकास रात्रीं काम करतां करतां भूक लागली, त्यानें मुदपाकखान्यांतून पाव, चीज आणि मांसाचे गार काप आणवून मद्यपानाच्या फळीवर मांडले, आणि जाणारे येणारे जुगारी, "आम्हांसही मिळेल काय?" असें विचारूं लागले. ही कथा अक्षरशः खरी असो वा नसो, त्या दशकांत तेथें 'बकरू बुफे' सुरू झाला हें खरें. एक डॉलर द्यावा आणि हवें तितकें खावें.

धन्याचा हिशेब उघड होता. भुकेला जुगारी टेबलावरून उठून बाहेर गेला, कीं तो परत येईलच असें नाहीं. त्यापेक्षां त्यास तेथेंच, स्वस्तांत, झटपट जेवूं घालावें. जेवणांत गेलेले चार पैसे खेळांत वसूल होतात. म्हणून बुफे हा नेहमीं जुगारघराच्या अगदीं मागल्या अंगास असावयाचा, आणि तेथें जावयाची वाट यंत्रांच्या व टेबलांच्या मधून. भिंतींवर घड्याळ नाहीं, बाहेरचा उजेड नाहीं. आपल्याकडे पणजीस मांडवी नदींत नांगरलेल्या जुगारनौकांवर प्रवेशाच्या पैशांतच जेवण येतें, त्याचेंही मूळ हेंच.

परंतु 'व्हेगासांत जेवण फुकटासारखें' ही जी समजूत आपल्याकडील मंडळी अजून बाळगून असतात, तिचा काळ गेला. स्ट्रिपवरील मोठ्या घरांचें निम्म्याहून अधिक उत्पन्न आतां द्यूताखेरीज इतर गोष्टींतून येतें. खोलीचा नफा निराळा, नाटकाचा निराळा, जेवणाचा निराळा. २०२० च्या मार्चांत महामारीमुळें नेवाड्यांतील सारीं जुगारघरें बंद झालीं. जूनमध्यें तीं हळूहळू उघडलीं, पण कित्येक बुफे पुन्हां उघडलेच नाहींत. रिओ येथील तो अवाढव्य 'कार्निव्हल वर्ल्ड' कायमचा मिटला. लक्झर या पिरॅमिडांतील बुफे २०२५ च्या मार्चअखेर बंद झाला. जे उरले ते थोडे, आणि त्यांतील बडे महाग. सीझर्स पॅलेसमध्यें २०१२ सालीं उघडलेला 'बॅकनाल' हा त्यांतील अग्रणी; त्याच्या रात्रींच्या एका पानास ऐंशी डॉलरांहून अधिक पडतात. त्यावर शेंकडा आठांहून अधिक विक्रीकर, आणि ताटें उचलणाऱ्यांस माणशीं दोन-तीन डॉलर ठेवण्याची रीत ती वेगळीच. सात माणसांच्या कुटुंबानें आज तेथें बसावयाचें म्हणजे एका वेळच्या जेवणाला चांगला विचार केला पाहिजे.

हा विचार आम्हीं पहिल्या रात्रीं केला नाहीं. दमून आलेलों, उतरलों त्याच हॉटेलांत एक बुफे होता, आणि दर बड्या बुफेच्या निम्म्याहूनही कमी. त्या घराचें नांव घेण्यांत स्वारस्य नाहीं. जुगाराच्या दालनांतून दहा मिनिटें चालत गेलों. एकवीस वर्षांखालील मुलांस त्या दालनांतून जातां येतें, पण थांबतां येत नाहीं असा तेथील कायदा आहे; आमचा थोरला नातू एका यंत्रापुढें क्षणभर रेंगाळला, तोंच एका पहारेकऱ्यानें अदबीनें हात करून त्यास पुढें घातलें. मग अर्धा तास रांग. आंत दिव्यांच्या झोताखालीं लांबच लांब परातींतून अन्न मांडलेलें. वहिनींनीं एक फेरी मारली आणि पाव, काकडी, लाल टोमॅटोचा भात आणि राजम्याच्या घोटलेल्या उसळीसारखा दिसणारा एक पदार्थ घेतला. "ही उसळ बरी आहे हो, भावोजी," म्हणाल्या. आम्हांसही ती आवडली. आम्हीं दोनदां घेतली.

सूनबाई तीच आणखी आणावयास गेल्या. कोणास ठाऊक काय मनांत आलें, त्यांनीं तेथील मुलास विचारलें. त्यानें सहज सांगितलें कीं, उसळ डुकराच्या चरबींत परतलेली आहे, आणि भात कोंबडीच्या रश्श्यांत शिजविलेला.

सूनबाई परत आल्या त्या पांढऱ्याफटक होऊन. त्यांनीं आम्हांस हळूच सांगितलें. पण वहिनींचे कान तिखट आहेत. त्या कांहीं बोलल्या नाहींत. हातांतील घास ताटांत ठेवला, पाणी प्यायल्या, आणि सर्वांचें होईपर्यंत हात पुसून बसून राहिल्या. खोलीवर गेल्यावर रात्रीं दहा वाजतां थंड पाण्यानें स्नान केलें आणि जपास बसल्या. आम्हीं स्वतः काय केलें तें विचाराल तर, आम्हीं दोनदां चूळ भरली आणि झोंपलों. परंतु झोंप लागली नाहीं.

सकाळीं वहिनी म्हणाल्या, "भावोजी, मी कांहीं रागावलें नाहीं. न कळत झालें तें देवालाही कळतें. पण आतां मला त्या ठिकाणीं नेऊं नका. दशम्या आहेत, गूळ आहे. मी खोलींत खाईन. तुम्ही मुलांना घेऊन जा."

आणि येथें घरांत ठिणगी पडली. मुलांना मोठ्या बुफेचें वचन दिलेलें होतें. महिनाभर त्यांच्या तोंडीं दुसरा विषय नव्हता. पुतण्या म्हणाला, "आई येणार नसेल तर कोणीच जायचें नाहीं." मुलांचीं तोंडें उतरलीं. तें पाहून वहिनींनीं पुन्हां आग्रह केला. तेव्हां पुतण्याही चिडला. चिडला तो स्वतःवरच, पण शब्द भलते गेले : "मग काय, ऐंशी डॉलर भरून हिला काकडी खाऊं घालूं?" गांवांत हिंदी खाणावळी आहेत, तेथें सर्वांनींच जावें असें आमच्या कुटुंबानें सुचविलें. दुपारचें जेवण तेथें झालेंही, आणि बरें झालें. पण मुलांचें वचन राहिलेंच.

सूनबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "काका, आपल्या वाड्यांत आई चाळीस वर्षं शेवटच्या पंगतीला बसल्या. निदान इथें तरी त्यांचें पान आधीं ठरूं द्या. बाकीच्यांचें मग पाहूं."

आम्हांस आमचा वाईचा वाडा आठवला. पहिली पंगत मुलांची व पाहुण्यांची, दुसरी पुरुषांची, आणि दोन-अडीचच्या सुमारास, चुली विझल्यावर, बायकांची. वहिनींच्या ताटांत ऊन भात पडलेला आम्हीं फारसा पाहिलेला नाहीं; आणि पाहिला नाहीं याची तेव्हां आम्हांस कधीं टोंचणीही लागली नाहीं. सातासमुद्रांपार येऊन त्याच वहिनी खोलींत एकट्या दशमी खात बसणार, आणि आम्ही सहाजण पुन्हां पहिल्या पंगतीस! सूनबाईंचें म्हणणें आम्हांस पटलें. त्या दुपारीं वहिनींस विश्रांति घेऊं देऊन सूनबाई आणि आम्ही असे दोघेच बुफे पाहावयास बाहेर पडलों. पुतण्यास मुलांबरोबर ठेवलें.

चार बुफे पाहिले. त्यांत जें कळलें तें सांगतों. पहिली गोष्ट, पैसे भरण्यापूर्वीं आंत एक फेरी मारूं द्या असें गल्ल्यावर नम्रपणें म्हटलें. तीन ठिकाणीं आनंदानें आंत सोडलें, चौथ्या ठिकाणीं नाहीं. तें तेथेंच बाद केलें. आंत गेल्यावर पदार्थ किती आहेत हें मोजूं नये. शंभर काय आणि पांचशें काय, आपल्या पोटाचा आकार तोच. परातींचा आकार पाहावा. मोठ्या परातींत ढीग रचून ठेवला असला, वर साय धरली असली, कडा वाळल्या असल्या, कीं तेथें अन्न तासन्‌तास दिव्याखालीं बसतें. लहान लहान भांडीं, तीं पुन्हां पुन्हां बदलणारीं माणसें, आणि समोर उभ्याउभ्या करून देणारे आचारी जेथें अधिक, तेथें खुशाल बसावें. आणि आमच्यासारख्यांनीं एक गोष्ट आवर्जून पाहावी ती ही, कीं प्रत्येक भांड्यास स्वतःचा डाव आहे, कीं मांसाचा चिमटाच भाजींत फिरतो आहे. एका झगझगीत बुफेंत आम्हीं हा दुसरा प्रकार डोळ्यांनीं पाहिला आणि मुकाट्यानें बाहेर आलों.

वेळेचाही महिमा आहे. दुपारचें व रात्रीचें जेवण यांमध्यें मांडणी बदलते. रात्रीच्या मांडणीचा पहिला अर्धा-पाऊण तास सर्वांत चांगला. अन्न ताजें, आचारी उत्साहांत, रांग आंखूड. सात-आठ वाजतां गेलें तर गर्दी, आणि विचारलेल्या प्रश्नास उत्तर द्यावयास कोणास सवड नसते. शुक्रवार ते रविवार दरही चढलेले असतात. मोठ्या ठिकाणीं आधीं जागा राखून ठेवावी, आणि बसावयाची मुदत विचारून घ्यावी. कोठें दीड तास देतात, कोठें दोन. म्हाताऱ्या माणसांस हें घड्याळ त्रासदायक होतें.

शाकाहारी कुटुंबास खरा धोका मांसाच्या ढिगाचा नाहीं. तो तर दिसतोच. धोका जें दिसत नाहीं त्याचा. मेक्सिकन उसळींत चरबी असूं शकते हें आम्ही शिकलोंच होतों. त्याखेरीज भात रश्श्यांत शिजविलेला असतो. कांद्याच्या सारांत गाईच्या हाडांचा अर्क असतो. सीझर नांवाच्या हिरव्या पाल्याच्या कोशिंबिरीवर जें घालतात त्यांत बारीक मासळी वाटलेली असते. थरथरणाऱ्या सुंदर मिठायांत जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडां-कातड्यांतून काढलेला चिकट पदार्थ. ताज्या शेवयांत अंडें असतें, वाळलेल्यांत बहुधा नसतें. इटालियन पार्मेझान चीजमध्यें वासराच्या जठरांतील रस वापरतात. हें शेवटचें वहिनींस सांगावें कीं नाहीं हें आम्हीं बरेच दिवस ठरविलें नव्हतें. पण हा लेख त्या वाचणारच, तेव्हां तेंही ठरून गेलें.

इतकें सारें ध्यानांत ठेवणें कोणास शक्य आहे? म्हणून शेवटीं आम्हीं एकच कसोटी धरली. प्रत्येक ठिकाणीं सूनबाईंनीं एकच पदार्थ दाखवून एकच प्रश्न विचारला : यांत मांस, रस्सा, चरबी, अंडें कांहीं आहे काय? एके ठिकाणीं उत्तर आलें, "नसावें." दुसऱ्या ठिकाणीं, "पाटीवर भाजीच लिहिली आहे ना?" तिसऱ्या ठिकाणीं मात्र पळी हालविणारी मुलगी म्हणाली, "मला ठाऊक नाहीं. थांबा, विचारून येतें." ती आंत गेली आणि उंच पांढरी टोपी घातलेल्या मुख्य आचाऱ्यासच घेऊन आली. मूळचा फिलिपाइन्सचा, पन्नाशीचा गृहस्थ. सूनबाईंनीं त्यास सासूबाईंची हकीगत सांगितली. तो म्हणाला, "उद्यां मंगळवार आहे. पांच वाजतां त्यांना घेऊन या. येतांच मला बोलावून घ्या."

जागा तेथेंच राखली. दर ऐंशींच्या आसपास होता. मुलांस बरीच सवलत मिळाली.

वहिनींस तयार करणें हें निराळेंच काम होतें. तें सूनबाईंनीं कसें केलें हें त्यांचें त्यांस ठाऊक. आम्ही त्या वेळीं दार लोटून बाहेर उभे होतों. पांचास दहा मिनिटें असतां वहिनी नऊवारी नेसून, वर पुतण्याचा लोकरी कोट घालून बाहेर आल्या. हातांत पर्स, आणि पर्समध्यें एक लहानशी डबी.

वाटेंत पुतण्यानें एक पराक्रम केला. रांगेंत फक्त दहा मिनिटें काढावयाचीं होतीं. पण या घराचें एक फुकट सभासदपत्र असतें; तें यंत्रांत घालून खेळलें कीं खात्यावर गुण जमतात, आणि पुरेसे गुण झाले कीं जेवण फुकट, असें त्यास कोणीतरी सांगितलें होतें. "काका, एक पान तरी सुटतें का पाहतों," म्हणून तो गेला आणि आमचा क्रमांक लागेपर्यंत चाळीस डॉलर घालवून आला. या फुकट जेवणाचें गणित असें आहे कीं, तुम्ही सरासरीनें किती हराल हें जुगारघर आधीं काढतें आणि त्यांतील एक अंश जेवणाच्या रूपानें तुम्हांस परत करतें. व्हेगासांत ज्यास जेवावयाचें असेल त्यानें जेवणाचे पैसे रोख मोजावे. पुतण्यानें हें कबूल केलें, पण सूनबाईंस सांगूं नका म्हणाला. आम्हीं सांगितलें नाहीं. आतां छापून आल्यावर आमचा इलाज नाहीं.

आचारी शब्दास जागला. निरोप पोंचतांच बाहेर आला, वहिनींस वांकून नमस्कार केला आणि त्यांस बरोबर घेऊन साऱ्या मांडणीभोंवतीं फिरला. एका बाजूस तो, दुसऱ्या बाजूस सूनबाई, मध्यें वहिनी. "हें चालेल. हें नाहीं. हें चालेल, पण डाव नवीन देतों." पाव घंटाभर हें चाललें होतें. मागें रांगेंत उभे असलेले लोक वाट सोडीत होते, जणु कोणी राणीसाहेब पाहणीस आल्या आहेत. शेवटीं त्यानें विचारलें, घरीं आपण काय जेवतां? सूनबाईंनीं भाषांतर केलें. वहिनी लाजल्या. म्हणाल्या, "सांग त्याला, रात्रीं काय, दहीभात."

आचारी आंत गेला. दहा मिनिटांनीं पांढऱ्या काचेच्या वाडग्यांत नुसत्या पाण्यांत शिजविलेला ऊन भात, आणि सकाळच्या न्याहारीसाठीं ठेवलेलें सायीचें दही घेऊन आला. वेगळ्या कढईंत टोमॅटो, लसूण आणि तुळशीसारख्या पानांत परतलेल्या वाळल्या शेवयाही त्यानें स्वतः केल्या. वहिनींनीं शेवयांची चव घेतली, "चांगल्या आहेत" म्हणाल्या. मग चमचा बाजूस ठेवला, भातावर दही घातलें, मीठ घातलें, पर्समधील डबी उघडून चिमूटभर मेतकूट घातलें, आणि हातानें कालवावयास सुरुवात केली.

"ऐंशी डॉलरांचा दहीभात!" पुतण्या म्हणाला, आणि हंसूं लागला. त्याच्या हंसण्यांत कालच्या दिवसाचें सारें ओझें उतरलेलें आम्हांस दिसलें. वहिनीही हंसल्या. "तुझ्या वडिलांना सांगितलें असतें तर त्यांनीं मला घराबाहेर काढलें असतें," म्हणाल्या. वर्षभरांत त्यांनीं दादांचें नांव असें हंसत काढलेलें आम्हीं प्रथमच ऐकलें.

मुलांचें जेवण त्यांच्या मनासारखें झालें. थोरल्यानें बर्फावर रचलेल्या खेंकड्यांच्या नांग्या फोडून पाहिल्या. धाकट्यानें चार प्रकारचीं आइसक्रीमें एका वाटींत कालवून त्यांचा चिखल केला. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब दिलेले पैसे वसूल करण्याच्या ईर्षेनें खेंकड्यांचे डोंगर आणीत होतें आणि अर्धे तसेच टाकून पुन्हां उठत होतें. मांडणींतील पाव, बटाटे, शेवया नेहमीं आरंभीं असतात आणि महागाचे पदार्थ शेवटीं, यामागेंही धन्याचा हिशेब आहे. पण त्या हिशेबास उत्तर म्हणून अन्नाची अशी नासाडी करावी हें आम्हांस पाहवेना. आमचीं ताटें वहिनींच्या धाकानें स्वच्छ होतीं. जेवण संपत आलें तेव्हां धाकटा नातू आजीच्या खुर्चीशीं येऊन उभा राहिला. "आजी, एक घास." मग थोरला. मग, इकडेतिकडे पाहून, पुतण्या. वहिनींनीं वाडगा पुसून तिघांस भरविला. शेवटचा घास आम्हांस मिळेल अशी आम्हांस थोडी आशा होती; ती फोल झाली.

ताटें उचलावयास आलेली बाई वहिनींच्या वयाची नसली तरी साठीच्या पुढची खास होती. चाटूनपुसून ठेवलेलें तें ताट पाहून ती थबकली आणि वहिनींकडे पाहून हंसली. सूनबाईंनीं टेबलावर ठेवलेल्या नोटा वहिनींनीं उचलल्या आणि तिच्या हातांत दिल्या. वर मेतकुटाची उरलेली डबीही दिली. तें काय आहे हें सांगण्याइतकें इंग्रजी वहिनींजवळ नव्हतें, आणि तिनें विचारलेंही नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पहाटे निघून आम्ही हूवर धरणावर आलों. खालीं कोलोरॅडोचें हिरवें पाणी, समोर तो प्रचंड वांकडा बांध, आणि ऊन अजून कोवळें. गाडीच्या मागल्या बाजूस वहिनींनीं डबा उघडला. दशम्या मऊ होत्या. त्यांनीं प्रत्येकास एक एक दशमी व गुळाचा खडा दिला. मुलांस दोन दोन. सर्वांस पोंचली हें पाहून त्या डब्याचें झांकण लावूं लागल्या, तोंच सूनबाईंनीं डबा त्यांच्या हातून घेतला, एक दशमी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि त्या पहिला घास घेईपर्यंत तशाच समोर उभ्या राहिल्या.

मग आम्ही पुढें निघालों. कॅनियन अजून सुमारें अडीचशें मैल होतें.